बर्फातला खिळा झिजतो कुठे?

मराठीत झिजण्याला मान आहे. चंदन झिजते, आई झिजते, कार्यकर्ता झिजतो, आणि हे सारे आपण कौतुकाने सांगतो. तक्रारीतही हाच शब्द येतो: कचेरीचे उंबरठे झिजवले, चपला झिजवल्या. इथे जरा थांबून पाहा. चपला खरोखर झिजतात. उंबरठ्याला मात्र एका माणसाच्या खेपा पुरत नाहीत, पिढ्या लागतात. दोन वस्तू एकमेकींवर घासल्या तर कोणती झिजेल, किती आणि नेमकी कुठे, एवढ्याशा प्रश्नावर एक अख्खे शास्त्र उभे आहे. १९६६ साली ब्रिटनमध्ये पीटर जोस्ट यांच्या समितीने सरकारला अहवाल दिला, आणि घर्षण, झीज व वंगण यांच्या एकत्रित अभ्यासाला ‘ट्रायबॉलॉजी’ हे नाव मिळाले. प्रस्तुत प्रस्तावना त्या शास्त्राच्या एका लहानशा कोपऱ्याची आहे: निसरड्या जागी पाय किंवा पट्टा रोवला जावा म्हणून खाली बसवलेली टोके, आणि त्या टोकांचे आयुष्य.

हे लिहिणारा मुलुंडला राहतो. आमच्याकडे थंडी पडली म्हणजे पंखा एकवर येतो. अशा गावच्या माणसाने बर्फातल्या खिळ्यांवर लिहावे याचे नवल वाटले, तर ते रास्तच आहे. पण वाचकांनी थोडा धीर धरावा. याच प्रश्नाची एक जुनी, रोजची आवृत्ती आपल्या अगदी जवळ, कर्जत लोकलच्या वाटेवर आहे, आणि एक आवृत्ती तर बहुतेक प्रत्येक हाउसिंग सोसायटीत रविवारी दुपारी कुणाची ना कुणाची झोप मोडत असते. तिथवर पोचण्याआधी बर्फाकडे जाऊ, कारण हा प्रश्न सर्वांत स्वच्छ दिसतो तो तिथेच.

पुढे दोन स्की आणि मागे रबराचा रुंद, अखंड फिरणारा पट्टा, अशी बर्फावरची मोटरसायकल म्हणजे स्नोमोबिल. गुलमर्गला जाऊन आलेल्यांनी ती ‘स्नो स्कूटर’ या नावाने पाहिली असेल. फोटोही काढला असेल. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात व्हालकूर नावाचे गाव आहे. तिथल्या जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिए याने १९३७ मध्ये दातेरी चाक आणि पट्ट्याच्या रचनेचे पेटंट मिळवले, आणि १९५९ मध्ये त्याच्या कारखान्यातून स्की-डू ही एकादोघांनी बसायची हलकी गाडी बाहेर पडली. भुसभुशीत बर्फात पट्ट्यावरचे रबरी उंचवटे वल्ह्यासारखे काम करतात आणि गाडी मजेत पळते. अडचण येते ती गोठलेल्या तलावावर किंवा घट्ट बसलेल्या, काचेसारख्या वाटेवर. तिथे रबराला धरायला काही मिळत नाही. पट्टा फिरतो, गाडी जागेवर राहते. आणि त्याहून वाईट म्हणजे ब्रेक लावला तरी ती थांबत नाही.

म्हणून पट्ट्याला भोके पाडून त्यांत पोलादी स्टड बसवतात. प्रत्येक स्टड पट्ट्याच्या आतल्या बाजूने घालायचा, त्याचे पसरट बूड रबराला टेकवायचे, बाहेरून ॲल्युमिनियमची आधारपट्टी आणि वर नट आवळायचा. ही आधारपट्टी म्हणजे आपल्या ओळखीचा वायसरच, फक्त अंगाने मोठा. उंचवट्यांच्या वर टोक साधारण सहा ते दहा मिलिमीटर निघेल अशी लांबी निवडायची. टोकाशी टंगस्टन कार्बाइडचा एक छोटा शंकू डाख देऊन बसवलेला असतो. एका पट्ट्याला असे शंभर-दीडशे खिळे सहज लागतात, म्हणून ते किती टिकतात हा प्रश्न तिथल्या माणसाच्या खिशाशी आणि जिवाशी सारखाच जोडलेला आहे.

माझा एक भाचा मिनेसोटात राहतो. दोन वर्षांपूर्वी येताना त्याने चितळे-बाकरवडीच्या रिकाम्या डब्यातून माझ्यासाठी तीन वापरलेले स्टड आणले. (नेताना डबा भरून नेला, हा हिशेब वेगळा.) ते तीन खिळे हेच माझे पहिले पाठ्यपुस्तक. पहिल्याचे टोक गोल झाले होते, वापरून संपलेल्या पेन्सिलीसारखे. दुसऱ्याचे टोक एका बाजूने टवका उडून गेले होते. उरलेला भाग मात्र धारदार, जवळजवळ नवा. तिसऱ्याच्या टोकाला काहीही झालेले नव्हते. पण त्याचे बूड वाकले होते, आणि त्या वाकणात काळ्या रबराचे तंतू अजून अडकलेले होते. तो झिजला नव्हता, उपटून आला होता. वाचकांनी या विषयात शिरताना हे तिघे ध्यानात ठेवावेत: झिजलेला, फुटलेला आणि उपटलेला. तिघांचे आजार वेगळे, आणि एकाचे औषध दुसऱ्याला अनेकदा घातक.

आता खरे कोडे. खनिजांचा कठीणपणा ज्या मोह्स पट्टीवर ओरखड्याच्या कसोटीने मोजतात, तिच्यावर गोठणबिंदूजवळचा बर्फ दीडच्या आसपास येतो. आपले नख अडीच. म्हणजे अशा बर्फावर नखानेही रेघ ओढता येईल. थंडी वाढेल तसा बर्फ कठीण होतो हे खरे, पण त्याच पट्टीवर टंगस्टन कार्बाइड नवाच्या घरात बसते. मग नख ज्याला हरवते त्याने कार्बाइडचे टोक गोल कसे केले? भाच्याला विचारले तर तो सहज म्हणाला, “मामा, घरापासून तलावापर्यंत रस्ता क्रॉस करायला लागतो ना.”

या वाक्याने माझे बरेच वाचन मार्गी लावले. बर्फात खिळा झिजतो तो अगदी नगण्य. तो झिजतो बर्फाकडे जाताना आणि बर्फाकडून येताना: डांबरी रस्ता ओलांडताना, गॅरेजच्या काँक्रीटवर गाडी फिरवताना, बर्फ विरळ झालेल्या वाटेवरच्या खडीत. ज्या जमिनीसाठी टोक घडवले ती त्याला राखते, मधली जमीन खाते. या विषयावर एकच गोष्ट सांगायला मला परवानगी असती, तर मी हीच सांगितली असती.

यामागचे गणित घाबरवणारे नाही, आणि ते समजायला देवघरातली सहाण पुरते. १९५३ मध्ये जे. एफ. आर्चर्ड या इंग्रज संशोधकाने झिजेचा एक नियम मांडला: वस्तूचा जितका ऐवज झिजतो तो तिच्यावरच्या भाराच्या आणि घसरलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो, आणि झिजणाऱ्या वस्तूच्या कठीणपणाच्या प्रमाणात घटतो. चंदनाचे खोड जोराने दाबा, गंध लवकर निघेल. जास्त फेरे द्या, जास्त निघेल. खोडाऐवजी सागाचा ढलपा घ्या, गंधच नाही. पण आजीच्या सहाणेला मधोमध जो खोलगट खळगा असतो तोही त्याच नियमाने पडलेला असतो. दगडही झिजला, फक्त साठ वर्षे लावून.

या नियमातला ‘घसरलेले’ हा शब्द कृपया वाचून पुढे जाऊ नका. अंतर चाललेले नव्हे, घसरलेले. टोक बर्फात घुसले की जागच्या जागी राहते. गाडी पुढे जाते, टोक वर येते, पुन्हा दुसरीकडे घुसते. घसरणे जवळजवळ शून्य. डांबरावर ते घुसूच शकत नाही, म्हणून प्रत्येक फेरीत थोडे खरडते. चालकाने एकदम ॲक्सिलरेटर दाबला आणि पट्टा जागच्या जागी गरगर फिरला, तर शंभर फुटांची झीज दोन सेकंदांत होते. टोक घुसवायला भार हवा आणि झीज वाचवायला घसरण नको. या दोहोंच्या मधे या शास्त्राचा अर्धा मजकूर मावतो.

आता घराकडे वळू. मुलुंडहून ठाणे गाठावे, कर्जत लोकल धरावी, नेरळला उतरावे. वर माथेरान. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० च्या मे महिन्यात त्या डोंगरावर चढला आणि थंड हवेचे ठिकाण म्हणून त्याचे नाव झाले. (त्याच वर्षी लंडनमध्ये मायकेल फॅरेडे बर्फाचे दोन तुकडे एकमेकांना का चिकटतात यावर बोलत होता, आणि बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर असतो ही कल्पना मांडत होता. बर्फ निसरडा का, या चर्चेची सुरुवात तिथूनच धरतात. दोघांचा संबंध काही नाही. मला योगायोग आवडतात एवढेच.) माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. पुढे पायी, घोड्यावर किंवा १९०७ पासून चालणाऱ्या छोट्या गाडीने. ती गाडीही काही ठिकाणी वीस फुटांत एक फूट अशा चढावर चढते, म्हणजे पकडीचा प्रश्न तिच्याही पाचवीला पुजलेला आहे. पण आपण घोड्याकडे पाहू.

घोड्याची नाल आणि स्नोमोबिलचा स्टड ही एकाच घराण्यातली भावंडे आहेत. माथेरानची जमीन जांभ्याची, माती लाल आणि पावसाळ्यात लोण्यासारखी. नवी नाल ठोकली की तिच्या खोबणीत बसलेल्या खिळ्यांची डोकी किंचित वर राहतात. मऊ मातीत नालेची कड आणि ही डोकी रुततात आणि पाय धरून ठेवतात. काही दिवसांत डोकी झिजून नालेशी सपाट होतात, तोवर कड काम सांभाळते. मातीत झीज सावकाश होते. पण गेल्या काही वर्षांत तिथल्या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसले, आणि अश्वपालकांची तक्रार सुरू झाली की घोडे घसरतात. दुसऱ्या बाजूचे म्हणणेही पोकळ नाही: पावसात माती धुपून वाहून जाते, आणि वृद्धांना, रुग्णांना, शाळेतल्या मुलांना चालायला धड रस्ता हवा. माथेरानच्या रस्त्यांचा आणि वाहनांचा हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तिथल्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. वाद कुणी जिंकावा हे सांगणे या प्रस्तावनेचे काम नाही. पण पोलादी नाल आणि भाजलेल्या मातीची ओली, कठीण वीट यांच्यामध्ये रुतायला जागाच नसते, हे पदार्थविज्ञान दोन्ही पक्षांना सारखेच लागू आहे. रुतत नाही म्हणून घसरते, आणि घसरते म्हणून झिजते. एकाच कारणाची ही दोन तोंडे.

तिथल्या एका नालबंदाजवळ मी एकदा तासभर बसलो होतो. काढलेली नाल त्याने माझ्या हातात दिली आणि पुढच्या कडेवर अंगठा फिरवायला सांगितले. टाचेकडे जाड असलेली ती पट्टी टोकाकडे इतकी पातळ झाली होती की नखाने वाजवली तर टिणटिणली. घोडा पाऊल उचलताना शेवटी खुराच्या पुढच्या टोकावर वळतो, म्हणून तिथे घसरण सर्वाधिक. आर्चर्डचे नाव त्याने ऐकले असण्याचा संभव नाही. पण घोडा कुठल्या पायावर जोर देतो, चढावर जास्त चालतो की उतारावर, हे तो नालेवरून वाचतो, आणि मला तरी त्याचे वाचन बहुतेक प्रबंधांपेक्षा सरस वाटले.

टोक कशाचे करावे, हा पुढचा प्रश्न. पोलाद स्वस्त आणि चिवट, पण आपल्या रस्त्यांची खडी सह्याद्रीच्या काळ्या बेसॉल्टची असते, आणि तिच्यातली खनिजे कठीणपणात साध्या पोलादाला भारी पडतात. १९२३ मध्ये बर्लिनला ओसराम कंपनीत काम करणाऱ्या कार्ल श्रोएटरने टंगस्टन कार्बाइडची पूड आणि कोबाल्ट एकत्र दाबून भाजण्याची कृती काढली. विजेच्या दिव्यातली टंगस्टनची बारीक तार ओढायला साचे हवे होते, त्यासाठी ही खटपट. १९२६ नंतर क्रुप कंपनीने हा माल ‘विडिया’ नावाने विकायला घेतला. जर्मन भाषेत ‘हिऱ्यासारखे’ या दोन शब्दांचा तो जोड.

या पदार्थाची घडण समजायला प्रयोगशाळेची गरज नाही, माथेरानच्या बाजारात मिळणारी चिक्की बास आहे. कार्बाइडचे कण म्हणजे शेंगदाणे, कोबाल्ट म्हणजे गुळाचा पाक. पाक कमी घातला तर चिक्की कडक होते, पण दाताखाली फटकन तुटते. जास्त घातला तर तुटत नाही, पण मऊ राहते आणि लवकर झिजते. कारखान्यात कोबाल्टचे प्रमाण काही टक्क्यांपासून वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत खालीवर करतात ते याच हिशेबाने. माझ्या डब्यातला टवका उडालेला दुसरा खिळा हा कमी पाकाचा असावा, किंवा त्याला दगडाचा एकच जबर फटका बसला असावा. ‘सर्वांत कठीण तेच सर्वांत टिकाऊ’ हा नवख्याचा पहिला गैरसमज इथे गळून पडतो. साकीनाक्याच्या लेथवर काम करणाऱ्याला तो कधी झालेलाच नसतो. जॉबवर एकदम कट घेतला तर टीप उडते, हे तो पहिल्या महिन्यातच शिकतो, बहुधा पगार कापून.

आणि तुमच्याही घरी हे टोक येऊन गेले आहे. पडद्याचा रॉड लावायला ड्रिल घेऊन येणाऱ्या माणसाकडे काँक्रीटचे जे बिट असते, त्याच्या तोंडाशी आडवी बसवलेली करड्या रंगाची चकती म्हणजे हेच कार्बाइड. भिंतीत ते लोण्यात जावे तसे जाते. मग मधेच चिरका आवाज येतो, तो माणूस “सळई लागली” म्हणतो, आणि तरी जोर लावत राहिला तर बिट तापून निळे पडते. कार्बाइडला त्या तापाचे फारसे काही वाटत नाही. पोलाद आणि कार्बाइड यांच्या मधला डाख मात्र मऊ पडतो आणि टीप निखळते. बर्फावरही अगदी हेच. उघड्या रस्त्यावर वेगाने नेलेल्या गाडीच्या टोकांना बर्फाचा गारवा मिळत नाही. पट्टा ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवरून आतून सरकतो त्यांनाही उडणारा बर्फच वंगण पुरवतो. तो नसला की त्या वितळू लागतात. ज्याच्याशी झुंजायला टोके लावली तोच बर्फ त्या सगळ्या यंत्रणेचे तेल आणि पाणी असतो.

आता तिसऱ्या खिळ्याकडे, उपटून आलेल्याकडे. माझ्या मते हा सर्वांत शिकवणारा, आणि पुस्तकांत सर्वांत दुर्लक्षित. टोकाविषयी सगळे बोलतात, बैठकीविषयी कुणी नाही. कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगरकडे उसाच्या हंगामात बैलगाड्या डांबरी रस्त्यावरून भरून जातात, तेव्हा बैलांना पत्री मारावी लागते. घोड्याचा खूर एकसंध, बैलाचा दुभंगलेला. म्हणून प्रत्येक पायाला दोन वेगळ्या पत्र्या. बैलाला दोरांनी आडवे पाडून पाय बांधतात आणि खुराच्या कडेच्या निर्जीव भागात खिळे मारतात. खिळा दोन-तीन मिलिमीटर आत सरकला तर जिवंत मांसाला लागतो आणि जनावर लंगडते. बाहेर सरकला तर खुराची कपची निघते आणि पत्री दोन दिवसांत गळते. पत्री कितीही भारी पोलादाची असली, तरी तिचे आयुष्य ठरते ते या दोन-तीन मिलिमीटरांत.

रबरी पट्ट्याचेही तसेच. नट सैल राहिला तर खिळा प्रत्येक फेरीत डुलतो, भोक लांबट होते, आणि एके दिवशी तो रबर घेऊन बाहेर येतो. म्हणून नव्याने स्टड बसवले की पहिल्या काही फेऱ्यांनंतर सगळे नट पुन्हा आवळायला सांगतात, आणि आळस होतो तो नेमका इथेच. पण जनावर आणि यंत्र यांच्यात एक फरक आहे आणि तो मला नेहमी थक्क करतो. घोड्याचा खूर महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. सहा-आठ आठवड्यांनी नालबंद जुने भोक असलेला भाग तासून काढतो आणि खिळ्याला कोरी जागा मिळते. घोड्याची बैठक आपोआप नवी होते. पट्ट्याला ती सोय नाही.

डोंगरात चालणाऱ्यांच्या बुटांचा इतिहास हा याच विषयाचा सर्वाधिक वाचला जाणारा अध्याय आहे, म्हणून तो इथे थोडक्यात. १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज मॅलरीच्या पायात तळाला खिळे ठोकलेले चामडी बूट होते. १९९९ मध्ये त्याचा देह सापडला तेव्हा ते ओळखता आले. ऑस्कर एकेनस्टाइनने १९०८ च्या सुमारास दहा टोकांचे क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखाली बांधायचे धातूचे काटे, आखले, आणि १९२९ मध्ये लोराँ ग्रिव्हेलने त्यांना पुढची दोन टोके जोडली. १९३५ मध्ये आल्प्सच्या एका शिखरावर सहा सोबती गमावल्यावर व्हिताले ब्रामानी याने खाचांचा रबरी तळ घडवला, तोच १९३७ चा व्हिब्राम. ओल्या कातळावर आणि चिखलात खिळे गेले आणि रबर आले ते तिथून. सह्याद्रीत भर पावसात फिरणारे आपण त्याच रबराचे वारस. ‘हा बूट धरतो’ आणि ‘हा धरत नाही’ यावर घाटकोपर-बोरिवलीच्या ट्रेकर मंडळींत जेवढे वाद होतात, तेवढे सासू-सुनांतही होत नसतील. गंमत अशी की जास्त धरणारे मऊ रबर लवकर झिजते आणि जास्त टिकणारे कडक रबर ओल्या दगडावर घसरते. पुन्हा चिक्कीच.

आणखी एक बाजू मात्र घाईने उरकण्यासारखी नाही: टोक टिकते तेव्हा झीज कुणाच्या वाट्याला जाते? कार्बाइडचा खिळा डांबराला हरवतो, म्हणजे रस्ता झिजतो. टायरला खिळे लावून हिवाळ्यात मोटारी चालवण्याची पद्धत उत्तर युरोपात आजही आहे. पश्चिम जर्मनीने १९७५ मध्ये ती बंद केली, कारण रस्त्यांत चाकोऱ्या पडू लागल्या. जो रस्ता खरवडला जातो त्याची धूळ हवेत जाते, म्हणून नॉर्वेच्या ऑस्लो शहरात अशा टायरांवर शुल्क आहे. मिनेसोटातही डांबरी सार्वजनिक वाटांवर धातूची टोके लावलेल्या स्नोमोबिलला मनाई आहे. खोड आणि सहाण दोघेही एकाच वेळी झिजत असतात, कुणाला किती हे फक्त ठरवता येते. आणि ते ठरवणे हा निव्वळ इंजिनिअरिंगचा प्रश्न राहत नाही. माथेरानात तो आधीच न्यायालयात गेला आहे.

या विषयात नव्याने येणाऱ्याने सुरुवात कुठून करावी? सूत्रे नंतर वाचलीत तरी चालेल. आधी एक साधा व्हर्नियर घ्या आणि मोजायची सवय लावा. माझ्याकडे मायक्रोस्पाइक्सची एक जोडी आहे. बुटावर चढवायचे रबरी कडे, खाली साखळ्या आणि दहा मिलिमीटरची पोलादी टोके. हिमालयात केदारकंठाला जाण्यापूर्वी प्रत्येक टोक मोजून वहीत लिहिले होते. पाच दिवसांनी पुन्हा मोजले तर पुढची टोके आठवर आली होती आणि टाचेची साडेनऊवर. बर्फाचा भाग एकूण वाटेच्या अर्धाही नव्हता, पण मधल्या दगडी तुकड्यांत स्पाइक्स काढायचा मी कंटाळा केला होता. सोबतच्या एकाने वाटेत भाड्याने घेतलेल्या जोडीची कडी उघडून साखळी निसटली. टोके तशीच्या तशी होती. वहीत त्याचीही नोंद आहे, ‘उपटलेला’ या सदरात.

दुसरे, झिजलेल्या वस्तू टाकू नका आणि मागायला लाजू नका. रेल्वे स्टेशनच्या जिन्याखाली बसणाऱ्या चर्मकाराकडे झिजलेल्या टाचांचा ढीग असतो. त्यात दहा मिनिटे घालवलीत तर माणसे आपले वजन कुठे टाकतात याचा नकाशा मिळतो. जुन्या रेल्वे पुलांवर उंचवट्यांचे लोखंडी पत्रे असतात, ते पाहा: मधोमध, जिथून गर्दी वाहते, तिथे नक्षी पुसून आरसा झालेला असतो, आणि कठड्यालगत ती अजून बोटाला टोचते. पावसाळ्यात जाणकार प्रवासी कडेने का चालतात हे त्यावरून कळेल. तिसरे, कुठलाही आकडा वाचताना तो कुठल्या जमिनीवर घेतला हे आधी विचारा. अमुक खिळा हजार मैल टिकतो असे कुणी सांगितले, तर ते मैल बर्फाचे होते की गॅरेजच्या दाराबाहेरचे, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला किंमत नाही.

आणि शक्य झाले तर पावसाळा संपता संपता, नवरात्राच्या आधी, माथेरानला जा. घोड्यावर बसू नका. दस्तुरी नाक्यापासून एखाद्या घोड्याच्या मागे पंधरा-वीस पावले अंतर ठेवून चाला. लाल मातीवर टाप पडते तेव्हा आवाज बुजलेला असतो, थप्प असा. मग एका वळणावर तो अचानक उघडा होतो, टक्, आणि त्यामागोमाग अगदी बारीक, कानाला जेमतेम लागणारी एक खर्र. तिथे थांबा आणि खाली वाकून ब्लॉकवर पाहा. पांढरट, बोटभर लांबीचे ओरखडे दिसतील, सगळे एकाच दिशेचे.